कमलताईंनी खिशात टाकलेला दट्ट्या

कनेरगाव नाका या गावाहून कमलताईंच्या भाच्याचा फोन आला, "आत्या गेली." तेव्हा मी माझ्या अकरा वर्षांच्या लेकीवर, ओवीवर, "आटप, गिळ पटकन" म्हणून ओरडत होते. फोन ठेवला आणि ओशाळले. ताईंच्या देखत मी असं ओरडले असते तर…

महिना उलटला, तरी तो क्षण मनातून जात नाही. ओवी सातव्या महिन्यातच जन्मली. हिंगोलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ती, नाकातून नळी घातलेली, आणि तिथल्या नर्स कमलताई. दूध द्यायचं म्हणजे सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसती नळकांडी नळीला जोडून वर धरायची आणि दूध आपल्या चालीनं उतरू द्यायचं. पुढच्या वेळी, आधीचं जिरलं का ते बघायचं. बहुतेकदा जिरलेलं नसे. "पोट तर हाय, मग काहून जिरत न्हाई?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. ताईंनी मूठ उघडली, मिटली. "दूध आलं की पोटानं असं सैल व्हायचं, मंग असं आवळून पुढं सारायचं. हे त्याला नसा सांगतात. हिच्या नसा अजून शिकून राहिल्या बाई. पोटाशी त्यांचं बराबर जमलं न्हाई. जमंल, पण तुझ्या घाईनं न्हाई."

मला कुठला धीर! पाचव्या दिवशी त्या पाठमोऱ्या असताना मी दट्ट्या बसवला आणि दाबला. ओवीनं सगळं उलटून टाकलं, ओठ निळे पडले. ताईंनी झटकन तिला कुशीवर वळवलं, नाकतोंड साफ केलं. ती रडली तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता चांगली खरडपट्टी निघणार, असं वाटलं. त्यांनी दट्ट्या उचलून खिशात टाकला. "भूक तिला न्हाई, तुला लागली. चल, च्या घे." डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, माझ्या घरच्यांना कधीच नाही. महिन्याभरानं आम्ही निघालो तेव्हा तो दट्ट्या माझ्या हातावर ठेवला. "ठेव. कामाला येईल." फार जीव होता माझा त्या बाईवर.

यंदा त्यांना अर्धांगाचा झटका आला, गिळणं गेलं. आम्ही भेटायला गेलो, तर नळी त्यांच्या नाकात. भाच्यानं दूध आणलं, ओवी म्हणाली, "मी देते." तिनं नळकांडी वर धरली. दूध उतरेना. "जरा ढकल ना…" माझ्या तोंडून निघालंच. ताईंना बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघत त्यांनी चांगल्या हाताची मूठ हळूच उघडली, आणि डोळ्यांनी हसल्या. ओवीला त्यातलं काहीच कळलं नाही. मी तिला सांगितलंच नव्हतं.

फोन आला त्या दिवशी सांगितलं. डब्यातून दट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवला.

"म्हणजे मी मेले असते?"

"व्हय."

ती तो हातात फिरवत राहिली. मग ताट पुढे ओढून, आपल्या चालीनं, गार झालेली भाजी खाऊ लागली. दट्ट्या आता मिठाच्या बरणीशेजारी असतो. तिचं जेवण होईपर्यंत मी गप्प बसते.