लाल न्हाय, काय न्हाय

नरसय्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुताच्या व्यापाऱ्याशी भांडत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा भांडायला लागलो. काय ऐकलं ते डोक्यात शिरायला वेळ लागला... दीड महिना झाला, भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त ते कुणाशी आहे, तेच कळत नाही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात मागावर लागलो होतो. पुढे मी अक्कलकोट रोडला स्वतःचे माग टाकले आणि तयार चादरी तपासायला त्याला बोलावलं. सगळे मला शेठ म्हणत, तो 'काय मालक' म्हणायचा, तेही टोमण्यानं. गेल्या वर्षी संधिवातानं त्याला उठणं-बसणं मुश्कील केलं. डॉक्टर म्हणाले, नवं इंजेक्शन देऊ, पण त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते. आधी अंगात टीबी दडून बसलाय का ते बघायला हवं. तपासण्या दोन. रक्ताची एका खेपेत होते, लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे तिचा गोंधळही होत नाही. दुसरी हातावरची : कातडीत सुई टोचायची आणि दोन-तीन दिवसांनी दाखवायला यायचं. रक्ताची महाग. मी घासाघीस सुरू केली. "दोन्ही एकच सांगतात ना? मग स्वस्तातली करा." डॉक्टरांनी मान्य केलं, सुई टोचली. "पण शुक्रवारी रीडिंगला या. नक्की."

शुक्रवारी माल भरायचा होता, तरी मी त्याला म्हणालो, "जाऊन ये." त्यानं बाही वर केली. "रीडिंगच हाय न्हवं? मला वाचता येतंय की, मालक. लाल न्हाय, काय न्हाय. गुडघे लई दुखतेत, रिक्षात कोण चढतंय?" मीही पाहिलं. त्याच्या काळ्यासावळ्या हातावर लाल काय दिसणार होतं! मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, काही उठलं नाही. कागदावर निगेटिव्ह लिहिलं गेलं, इंजेक्शन सुरू झालं. चार महिन्यांत ताप, खोकला, आणि अंगभर पसरलेला टीबी...

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "हात कुणी वाचला?" मग म्हणाले, लाली बघायची नसते, कडक झालेली जागा बोटानं चाचपून मोजायची असते. मी विचारलं, "रक्ताची केली असती तर?" "कदाचित सापडला असता. पूर्ण खात्री कुठलीच देत नाही." कदाचित! या शब्दावर मी आयुष्यात एक सौदा केला नाही. फोनवरून निकाल लिहून घेतात म्हणून पहिल्या दवाखान्यात जाऊन ओरडलो. त्यांनी शांतपणे कागद पुढे केला. माहिती देणारा म्हणून माझं नाव होतं.

परवा त्याच्या टेबलापाशी थांबलो. नरसय्या चादर कधी डोळ्यांनी तपासत नसे. 'रंग फसवतोय' म्हणायचा. डोळे मिटून हात फिरवायचा आणि सुताची बारीकशी गाठ लागली की बोट तिथंच थांबायचं... असला माणूस तू! स्वतःच्या हातावरून तेवढं एक बोट फिरवायला काय झालं होतं रे? आणि मी तर शेजारीच उभा होतो.