दहाचं नाणं चालत न्हाई

विट्याच्या स्टँडवर माझं चहावाल्याशी भांडण झालं. चहा दहाचा. मी पर्समधून दहाचं नाणं काढून त्याच्या पत्र्यावर ठेवलं. त्यानं न बघताच ते बोटानं माझ्याकडं सरकवलं.

"दहाचं नाणं चालत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कोण? चालत न्हाई."

"सरकारनं काढलंय ते."

"मग सरकारलाच द्या की," तो म्हणाला, आणि बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले.

कायदा, बँक, अफवा, सगळं मी त्याला ऐकवलं. तो शांतपणे दूध ढवळत होता. शेवटी म्हणाला, "ताई, दुसरं काय सुटं आसंल तर द्या, न्हाईतर चहा माझ्याकडनं." त्याचं ते मोठेपण मला आणखीच झोंबलं. दुसरं सुटं माझ्या डाव्या मुठीत होतं, वडूजपासून मी ते घट्ट धरलेलं होतं, पण ते मी कुणालाच देणार नव्हते. चहा तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसले. गाडी सुटायला अजून वेळ होता, तरी उगीच खिडकीची काच वर-खाली करत राहिले.

एका नाण्यासाठी एवढं काय पेटायचं, असं कुणालाही वाटेल. माझ्या भावालाही वाटतं. तो सैन्यात आहे, लांब उत्तरेला, आणि फोनवर म्हणतो, "ताई, जग कुठं गेलं आणि तू चिल्लर घेऊन बसलीस." त्याला काय जातंय म्हणायला. दर पंधरवड्याला सांगलीहून वडूजला हेलपाटा मी मारते.

वडूजला आमचे वडील असतात, आण्णा. तेही फौजेतच होते. निवृत्त होऊन आले आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी किराणा दुकान टाकलं. बिस्किटं, चहापूड, साबण, शाम्पूच्या पुड्या, उदबत्ती, तंबाखू. कोरडवाहू जमीन तशीही पोटापुरतं देतेच असं नाही. आई होती तोवर दुकान दोघांचं होतं. ती गेल्यावर आण्णा त्या दुकानावरच तगले. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि ड्यूटीवर हजर व्हावं तसं गल्ल्यामागं बसायचं.

मग काचबिंदू निघाला, आणि निघाला तोही उशिरा. सांगलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही. आता आण्णांना उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. मालाची त्यांना अडचण नाही, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे आणि तिथून ती हलवायची कुणाची टाप नाही. अडचण पैशाची. दहाची नोट, विसाची नोट, पन्नासची नोट, बोटांना सगळ्या सारख्याच. त्यातही दहाची नोट म्हणजे काय वर्णावी? घामानं मऊ पडलेली, चिकटपट्टी लावलेली, कुठं तंबाखूचा वास, कुठं मासळीचा. तिच्यावर कसली खूण असली तरी ती कधीच झिजून गेलेली.

एका सुट्टीत मी आत भाजी चिरत होते. बाहेर कुणीतरी बिस्किटांचा पुडा मागितला. आण्णांचा आवाज आला, "पन्नास दिलास न्हवं?" तो माणूस म्हणाला, "व्हय." एवढंच. आण्णांनी सुटे दिले, पावलं गेली. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठून गल्ला उघडला. पन्नासची एकही नोट त्यात नव्हती. वर दहाची पडली होती.

हातात सुरी घेऊनच मी गल्लीत धावले. पाठमोरी चार माणसं चालली होती, कुणाला म्हणून धरायचं? परत आले ती तणतणत. आण्णा टेबलावरची धूळ पुसत होते.

"कोण होता?"

"आवाज वळखला मी."

"मग नाव सांगा. बघतेच त्याच्याकडं."

"न्हाई सांगत," आण्णा म्हणाले. "नाव घेतलं की उद्यापास्नं त्यो यायचा न्हाई. आन् आला, तर मला त्यो चोरच दिसंल. मला आता दिसतंय तरी किती, पोरी? त्यात चोर कशाला बघू?"

मला रात्रभर झोप नाही. ते मात्र घोरत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: येथे दहा व वीसची नाणी घेतली जातील, सुट्ट्या नोटा आणू नयेत. नाण्यांचं त्यांचं गणित पक्कं होतं. विसाच्या नाण्याला कडेनं कोपरे आहेत. दहाचं गोल, मधल्या गोलावर अंगठा फिरवला की सांधा लागतो. पाचाचं नाणं जाड. "नोट घेतली की इचारावं लागतं, कितीची हाय," त्यांनी मला समजावलं. "इचारलं की समोरच्याला खोटं बोलायला वाव मिळतो. नाण्याला मी इचारतच न्हाई. म्हणून माझ्या दुकानात येणारी समदी माणसं चांगली."

आता मजा बघा. त्या भागात दहाचं नाणं बंद झालंय, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बंद केलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. कमी रेघांचं खरं आणि जास्त रेघांचं खोटं, अशी एक अफवा कधीतरी आली होती. ती गेली, पण जाताना नाण्याची पत घेऊन गेली. लोकांनी नाणी घरात टाकून दिली होती. कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या रिकाम्या लोणच्याच्या बरणीत. आण्णांची पाटी लागली आणि गावानं नाकारलेलं ते सगळं धन आमच्या दारात आलं. आण्णा खूश. पण सुटे परत द्यायची वेळ आली की गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं. "आण्णा, नोट द्या की." घ्यायला सगळे राजी, न्यायला कुणी नाही. गल्ला भरला, मग बिस्किटाचा डबा भरला, मग गोडेतेलाचा.

तो डबा रिता करायचं काम माझ्याकडं आलं. सांगलीत मी एका औषधाच्या दुकानात काउंटरला असते. पिशवी खांद्याला लावून नाणी न्यायची आणि औषधाच्या सुट्ट्यात खपवायची. पिशवीचे बंद तुटले, खांदा भरून आला, मालकांचे टोमणे खाल्ले. बँकेत नेली तर खिडकीतला माणूस अशा नजरेनं बघायचा, की जणू मी भंगार घेऊन आले आहे.

तेव्हापासून हे वेड माझ्या डोक्यात शिरलं ते गेलेलंच नाही. दहाची नोट बंदच करून टाकावी. विसाचीही करावी. नुसती नाणी काढून उपयोग नाही, जोवर नोट फिरते तोवर लोक नोटच मागणार. काउंटरला, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत मी हा वाद घालत सुटले. नवरा म्हणायचा, आता जेवू दे. सांगलीच्या मंडईतल्या मावशींनी मात्र माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत म्हणाल्या, "तुझं खरं हाय बाई. पर नोट कनवटीला बसती. दिसभराची चिल्लर कमरेला बांधली तर सांजचं मला उठवायला कोण येणार, तू?" त्यांचं खोटं म्हणता येईना. पुरुषांच्या खिशातून वाकलं की नाणी पडतात, खिसे फाटतात, कंडक्टरची बॅग जड होते, हेही मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची. सगळ्यांना सोयीचं काय ते सगळ्यांना माहीत, आणि त्या सोयीत आण्णा कुठंच बसत नव्हते.

भाऊ रजेवर आला तेव्हा त्यानं फोनवरून पैसे घ्यायची सोय केली आणि एक बोलणारा डबा आणून ठेवला. पैसे आले की डबा आकडा बोलतो. सोय चांगली आहे, मी नाही म्हणणार नाही. तरणी पोरं तसेच पैसे देतात. पण पैसे जमा होतात भावाच्या खात्यात. आण्णांनी एकदा शांतपणे विचारलं, "त्यो आले आले म्हणतोय, पर माझ्या हाताला काय लागलं?" आणि पाच रुपयांची चहापूड मागणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडं कुठला आलाय फोन?

माझं म्हणणं एकच होतं, दुकान बंद करा आणि सांगलीला या. दोन खोल्या आहेत, नातवंडं आहेत. दर खेपेला मी विषय काढायची आणि दर खेपेला ते तंबाखू मळत बसायचे. शेवटी एकदा म्हणाले, "बोली करू. ज्या दिवशी माझं नाणं चुकंल, त्या दिवशी कुलूप लावतो आन् तुझ्याबरोबर येतो. फौजीचा शब्द हाय." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. नाणं चुकावं असंच मला वाटत होतं, उगाच लपवाछपवी कशाला.

मग प्रत्येक खेपेला मी आतल्या दारात पंचासारखी उभी. आण्णा चुकले नाहीत. उलट भलतंच घडलं. दूधवाला महिन्याचं बिल नाण्यांत घ्यायला लागला, कारण तंबाखू त्याला आण्णांकडूनच घ्यायची असायची. मग गिरणीवाला घ्यायला लागला. दूधवाल्याकडून नाणी बायकांकडं, बायकांकडून गिरणीत, गिरणीतून पुन्हा आण्णांच्या गल्ल्यात. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानाच्या टपरीवरही दहाचं नाणं चालत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत मात्र ते बिनबोभाट फिरत होतं. तेलाचा डबा रिकामा राहायला लागला. मी हरत होते आणि मला बरं वाटत होतं, हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं तुलाच कळत नाही.

या वेळी गेले तेव्हा आण्णांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. चहाची कपबशी त्यांच्या हातातून निसटली. अंगठ्यानं ते सारखी बोटांची टोकं चोळत होते, काही चिकटलंय ते काढावं तसं.

"काय होतंय?"

"मुंग्या येत्यात. थंडीनं आसंल."

थंडी कुठली, फॅन चालू होता. आण्णांना शुगर आहे, आणि मी औषधाच्या दुकानात काम करते, शुगर बोटांचं काय करते हे मला माहीत आहे. दुपारभर मी आत-बाहेर करत राहिले. गिऱ्हाईक आलं की आण्णा नाणं हातात घ्यायचे, बराच वेळ फिरवायचे, मग फरशीवर टाकून आवाज ऐकायचे. बायका थांबायच्या. कुणी घाई करत नव्हतं.

निघायची वेळ झाली. माहेराहून निघताना आई माझी ओटी भरायची आणि हातावर दहाची नोट ठेवायची, गाडीभाड्याला म्हणून. ती गेल्यावर ओटी थांबली, पण भाडं आण्णांनी चालू ठेवलं. बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी चालू ठेवलं. नोटेच्या जागी दहाचं नाणं आलं एवढंच. मी पाया पडले आणि हात पुढं केला.

त्यांनी गल्ल्यातून एक नाणं काढलं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मधोमध फिरवला, पुन्हा कडेवरून फिरवला. मग माझ्या तळहातावर ठेवलं, आणि वर आपला हात तसाच ठेवून दिला.

"दहाचं हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बरुबर हाय न्हवं?"

नाण्याबद्दल त्यांनी आजवर मला, कुणालाच, विचारलं नव्हतं.

त्यांनी हात उचलला. माझ्या तळहातावर जुनं, मोठं, दोन रुपयांचं नाणं होतं. बोली पूर्ण झाली होती. मी नुसतं खरं बोलायचं होतं, की संध्याकाळच्या गाडीनं ते माझ्याबरोबर सांगलीला आले असते. किती दिवस हेच मागत होते मी. बाहेर एक म्हातारी उदबत्तीसाठी येऊन थांबली होती. आण्णा मान थोडी कलती करून माझ्या आवाजाची वाट बघत होते.

मी मूठ मिटली आणि त्या पन्नासवाल्या माणसानं म्हटलं होतं तसंच, तेवढंच म्हटलं, "व्हय."