पुतण्याच्या नावावरचं घर

मुन्झिरला मुलगा नव्हता, तरी सगळे त्याला अबू फय्याद म्हणायचे, फय्यादचा बाप. आमच्या अलेप्पोत ही पद्धतच आहे. मुलगा होण्याआधीच माणसाला त्याच्या बापाच्या नावाचा एक मुलगा उसना देऊन टाकतात. बहुतेकांचा तो पुढे खरा होतो. मुन्झिरचा झाला नाही. झाली ती एकटी रबाब, आणि ती जन्मली त्या दिवशी या गृहस्थानं दुकानात कुणाला साधी कॉफीसुद्धा पाजली नाही.

युद्धात दुकान गेलं, गल्ली गेली. बायको विदाद आणि रबाब यांना घेऊन तो सीमा ओलांडून तुर्कस्तानात मर्सिनला आला आणि पुन्हा सोफे शिवायला बसला. हातात कसब होतं, तोंडात मात्र विष. गिऱ्हाईक सोफा घ्यायला आलं की चार टोमणे फुकटात घेऊन जायचं.

भाड्याच्या घरांचा सगळ्यांनाच वीट आला होता. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की सीरियन भाडेकरूनं गाशा गुंडाळायचा, हे मर्सिनमध्ये ठरलेलंच. म्हणून स्वतःचं छप्पर हवं होतं, आणि तिथंच अडत होतं. सीरियन माणसाच्या नावावर इथं घर होत नाही. इथलं नागरिकत्व मिळालेलं कुणीतरी लागतं.

तसं माणूस घरातच होतं. रबाब इस्पितळात परिचारिका होती, तिला नागरिकत्व मिळून बरेच दिवस झाले होते. एका शुक्रवारी जेवताना तिनं विषय काढला.

"बाबा, फ्लॅट माझ्या नावावर घ्या. मी कुठं जाणारेय?"

"आज नाही जाणार. उद्या कुणाचा तरी हात धरशील आणि माझ्या बाल्कनीत तुझा सासरा हुक्का ओढत बसेल."

"सासरा यायचा असता तर एव्हाना आला असता, बाबा."

"तेच तर म्हणतोय. जिला कुणी आपल्या घरात घेतलं नाही, तिच्या नावावर मी घर घेऊ?"

विदादनं खिम्याच्या किब्बेचं ताट पुढं सरकवलं. भांडण मिटवायला ती नेहमी ताटच सरकवायची.

अबू फय्यादचं आधीच ठरलं होतं. घर होणार होतं निब्रासच्या, वारलेल्या भावाच्या मुलाच्या नावावर. त्यालाही नागरिकत्व होतं. शिवाय आपलं रक्त, आपलं आडनाव. त्या घरासाठी विदादच्या हातातल्या बांगड्या गेल्या, रबाबची सगळी शिल्लक गेली. रबाबनं ती मुकाट्यानं दिली. म्हातारपणी आईला पुन्हा कुणी घराबाहेर काढू नये, एवढंच तिला हवं होतं.

व्यवहाराच्या दिवशी अबू फय्याद तिलाच दुभाषी म्हणून घेऊन गेला, कारण त्याची तुर्की भाषा सोफ्याच्या मापापलीकडे जात नव्हती. निब्रास कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. दलाल इर्फान बे, म्हणजे इर्फानराव, भला माणूस. त्यानं कागद चाळले आणि रबाबला विचारलं, "तुम्हीही नागरिक आहात ना? मग घर तुमच्या नावावर का नाही?"

"काय म्हणतोय तो?" बापानं विचारलं.

रबाबनं सांगितलं.

"त्याला सांग, मला मुलगा नाही म्हणून काय घर बाईमाणसाच्या हातात देऊ? आणि शब्द गाळू नकोस. थोडी तुर्की मलाही कळते."

रबाबनं शब्द न शब्द तुर्कीत सांगितला. इर्फान बे बराच वेळ चहात साखर ढवळत बसला. अबू फय्यादला मात्र फार बरं वाटलं. असली माणसं दुसऱ्याचा अपमान केल्याशिवाय आपलं मोठेपण मोजू शकत नाहीत.

घर छान होतं. दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय अबू फय्याद कॉफी विचारायचा नाही. वर्ष सरायच्या आत निब्रासचं लग्न झालं. जागा मिळेपर्यंत म्हणून तो बायकोला, लमीसला, घेऊन राहायला आला. अबू फय्यादनं रबाबला खोली रिकामी करायला सांगितलं.

"नव्या जोडप्याला खोली नको का? तुला काय, दिवसरात्र ड्युटी. इस्पितळाजवळ बघ एखादी."

रबाब दोन पिशव्या घेऊन गेली. मग लमीसची आई बाळंतपणाला आली, तेव्हा म्हातारा-म्हातारीचा बिछाना काचा लावलेल्या बाल्कनीत गेला. हिवाळ्यात फटीफटीतून वारा यायचा आणि विदाद खोकून खोकून अर्धी व्हायची. अबू फय्याद शेजाऱ्यांना सांगायचा, "समुद्राची हवा छातीला चांगली." नातवाचं नाव फय्याद ठेवतील अशी त्याला खात्री होती. त्यांनी तुर्की नाव ठेवलं, एरेन. तेही चांगलंच नाव आहे, असं त्यानं न विचारता सगळ्यांना सांगितलं. मला त्याची कीव आली असती, पण त्यानं स्वतः कधी कुणाची केली नव्हती.

मग एके दिवशी अनोळखी लोक घर बघायला येऊ लागले. टेप लावून त्यांनी बाल्कनीसुद्धा मोजली, बिछान्यावर विदाद झोपलेली असताना. अबू फय्यादनं निब्रासला गाठलं.

"हे कोण लोक?"

"काका, आम्ही हॅम्बुर्गला चाललो. घर विकलंय."

"कुणाचं घर?"

"माझं."

"अरे, तू मुलगा आहेस माझा."

"पुतण्या, काका. मुलगा तुम्ही म्हणत होतात. मी कधी म्हटलं?" निब्रासनं हे रागावून नाही, अगदी प्रेमानं समजावून सांगितलं. वर म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत राहा. नवे मालक काही बोलणार नाहीत."

विदाद आत उशांचे अभ्रे काढत होती. तिनं सगळं ऐकलं आणि अभ्रे काढत राहिली.

घर सोडायच्या दिवशी रबाब टेम्पो घेऊन आली. अबू फय्याद आपलं शिलाई मशीन आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन आधीच खाली फुटपाथवर बसला होता. मुलीकडे न बघता तो म्हणाला, "मशीन मागं नको, पुढं ठेव. धक्के बसतील."

"एकच खोली आहे, बाबा, पण मावू," रबाब म्हणाली. "चढा."

"नाही." विदाद ड्रायव्हरशेजारी बसली होती. "ते त्यांच्या मुलाकडं जातील."

"आई, निब्रास उद्या विमानात बसतोय."

"मग त्यांनीही बसावं."

अबू फय्याद हसला. "विदाद, वेड लागलं का तुला? भर रस्त्यात तमाशा नको."

विदादनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती मुलीशी बोलत होती, हळू, खोकला आवरत. "रबाब, एक तर मी, नाहीतर ते. सांग, मी उतरू?"

रबाबचा हात टेम्पोच्या दारावर होता. ती बापाकडे बघत राहिली, डोळे भरून आले. मग ती आईशेजारी दाटीवाटीनं बसली आणि तिनं दार लावून घेतलं.

टेम्पो निघाला आणि गल्लीच्या टोकाला वळला. रस्ता अरुंद म्हणून तिकडून फिरवून आणत असतील, असं अबू फय्यादला वाटलं. त्यानं गाठोडं काखेत मारलं, मशीन उचललं आणि चढायला सोपं जावं म्हणून तो फुटपाथच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला.