बोकड रखमीचे

घोलवडचा काशीनाथ दोन चिकूवाड्यांचा मालक. पण त्याला विचाराल तर त्याची खरी ओळख एकच, मटणातला जाणकार. बोकडाच्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवला की तो किती करडांचा बाप आहे तेही सांगेन, असं तो म्हणायचा. पडताळून पाहायची सोय नसल्यामुळे गावात त्याचा दबदबा होता.

त्याच्या एकुलत्या मुलीची, दिशाची हळद जवळ आली आणि या दबदब्याची परीक्षा उभी राहिली. लग्नातलं जेवण पाहुणे आठवड्यात विसरतात. हळदीचं मटण मात्र पिढ्यानपिढ्या चघळलं जातं. त्यातून नवऱ्याकडचे चिखल्याचे हिरूकाका म्हणजे खोड काढायलाच पंगतीत बसणारा माणूस. मागे एका हळदीला त्यांनी तोंडातला तुकडा काढून सगळ्या पंगतीला ताणून दाखवला होता. त्या घराला लोक अजून ‘रबरवाले’ म्हणतात.

“भावजी, मी बोरिवलीहून फ्रोझन पाकिटं आणतो,” मेहुणा जतीन म्हणाला. “एकदम क्लीन. वर तारीखसुद्धा छापलेली असते.”

“तारीख? मटणाची की वर्षश्राद्धाची?” काशीनाथ उसळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चिकूची करंडी घेऊन तलासरीच्या डोंगरातल्या पाड्यावर भिकाकडे पोचला. भिकाची भाताची आणि नागलीची शेती. घरचे बोकड करवंदीचा पाला खात, टेकड्या चढत-उतरत वाढलेले. काशीनाथने एक तांबूस बोकड आणि त्याच्या तोलाचे आणखी तीन हेरले, चौघांवर अंगठा फिरवला आणि तासभर सौदा केला. भिका प्रत्येक वाक्याला “हो शेठ” म्हणत होता. इतका सोपा सौदा आयुष्यात झाला नव्हता. काशीनाथ मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता, तोवर तांबूस बोकडाने अर्धी करंडी रिकामी केली.

एवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन भिकाची बायको रखमी आली.

“काय शेठ, कसली बोलणी?”

“बोकड ठरले आमचे. भिकाभाऊ हो म्हणाले.”

“बोकड माझे हायत. याचं नुसतं अंगण.”

“हो शेठ,” भिका म्हणाला.

“अरे, मग तासभर हो-हो कशाला करत होतास?”

“तुम्ही झकास बोलत होता. मधेच कसं तोडायचं?”

पाड्यावर शेळ्या-कोंबड्या बाईच्या मालकीच्या असतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. जाणकार तेवढा जाणत नव्हता. काशीनाथने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पण आता प्रश्न रखमी विचारत होती.

“कापणार कोण?”

“डहाणूचा सुदाम.”

“त्याचा हात बरा हाय. आन् शिजवणार कशात?”

“आचाऱ्याने मोठे कुकर आणलेत ना!”

रखमीने त्याच्या हातातलं दावं सोडवून घेतलं. “मग पोल्ट्रीची कोंबडी न्या. हे दोन वर्सं डोंगर चढलेत. शिट्टीवर नाय शिजत.”

काशीनाथच्या डोळ्यांपुढे हिरूकाका आणि ताणलेला तुकडा उभा राहिला. त्याने चक्क हात जोडले. “रखमीबाय, लाकडावर शिजवतो. देवाशपथ!”

“शपथ नको. मी बघायला येते.”

आणि ती आली. हळदीच्या दुपारी मांडवामागे चुलीशेजारी फतकल मारून बसली आणि तिने आचाऱ्याला असा धारेवर धरला, की तो काशीनाथऐवजी तिलाच शेठ म्हणू लागला.

संध्याकाळी पंगत बसली. हिरूकाकांनी तुकडा उचलला. दाबला. हुंगला. वाढपी थबकले आणि जतीनचा घास हातातच राहिला. काकांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मग नळी अशी ओढली, की बँडवाल्याचा ठेका चुकला.

“वाढ रे अजून!” काका गरजले. “काशीनाथ, बोकड कुठला?”

काशीनाथचा अंगठा सवयीने वर आला होता. त्याने तो मुकाट्याने मिटला, रखमीला हाताला धरून पंगतीपुढे आणलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बोकड या बाईंचे!”

हिरूकाका खरकट्या हाताने उठून उभे राहिले. आजवर कुणाच्या हळदीत ते मधेच उठले नव्हते. “बाय, फाल्गुनात माझ्या नातीची हळद आहे. चार बोकड द्याल?”

रखमीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“शिजवणार कशात?”

“काका!” मागून काशीनाथ छाती फुगवून ओरडला. “मेलात तरी कुकरचं नाव काढू नका!”