खुंटीवरची मटकी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पाखरांच्या मातीच्या मटक्या भिजवलेल्या पाण्यात होते. लेक शहापूरच्या दवाखान्यातून बोलत होता. सुनेने फोन माझ्या कानाला लावला, मी ऐकलं आणि म्हणाले, "थांब, एवढी एक मटकी पालथी घालते." घरच्यांना वाटलं, म्हातारीला धक्का बसला. बसलाच होता, नाही कशाला म्हणू... पण खरं सांगायचं तर मला आक्काची भीती वाटली. चारच दिवसांपूर्वी खाटेवर पडल्या पडल्या तिनं बजावलं होतं, मटक्या पाण्यात टाकून इकडंतिकडं जाऊ नको. आता ती गेली म्हणून काय झालं? अर्धवट काम तिला कळल्याशिवाय राहिलं नसतं.

आक्का म्हणजे यमुना, माझी थोरली नणंद. सासर मुरबाडचं, माहेर आमचं शेणवा. ऐन पंचविशीत नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती एक ट्रंक आणि एक पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात नवऱ्यानं हौसेनं पाळलेल्या लव्हबर्डच्या दोन जोड्या. (पुस्तकात त्यांना बजरीगर म्हणतात म्हणे. आमच्याकडे कुणी म्हणत नाही.) किन्हवलीवरून येणाऱ्या एस.टी.त कंडक्टरनं पाखरांचं तिकीट मागितलं, तर ही म्हणाली, "मांडीवरल्या लेकरांना तिकीट नसतं." नुकती विधवा झालेली बाई, डोळे सुजलेले, आणि हे उत्तर! मी काही तिथं नव्हते, पण ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की मला त्या कंडक्टरचा चेहरासुद्धा आठवतो.

मी या घरात आले त्याच्या पुढल्या वर्षी. मी शहापूरची, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली, शिवणाचा क्लास केलेली. शहापूर म्हणजे जवळजवळ मुंबईच, असा माझा पक्का समज. मधली सगळी स्टेशनं मी मनातल्या मनात रद्द करून टाकली होती. अशा विदुषीला मागच्या पडवीत पाखरांच्या मागे लागलेली नणंद दिसल्यावर ती गप्प कशी बसणार? आक्का पाऊस लागला की नर एका पिंजऱ्यात आणि माद्या दुसऱ्यात करायची, मध्ये गोणपाटाचा पडदा. चार महिने विसावा. अंग भरू द्यायचं, जुनी पिसं झडून नवी येऊ द्यायची. त्याच आषाढात नव्या नवरीच्या रिवाजाप्रमाणे मीही माहेरी जाऊन आले होते, रुसूनफुगून. परत आल्यावर पडदा बघून मी फणकाऱ्यानं म्हणाले, "माणसांचं एक ठीक आहे, पाखरांची कशाला ताटातूट करता?" ती दाणे पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "परत भेट हाय हे ठावं असलं ना गो, की सोसतं." 

ऐकलं, पण शहाणपण आलं नाही. त्या वेळी मी माझ्या भावाला मोठ्या तोऱ्यात शब्द देऊन बसले होते की गणपतीला ये, तुला पिल्लांची जोडी देते. पाखरं आक्काची, शब्द माझा! श्रावण लागताना आक्काची सासू मुरबाडला पडली, पाय मोडला, आणि आक्का तिचं करायला तीन आठवडे तिकडं गेली. सुनेला ज्यांनी एका ट्रंकेवर परत पाठवलं त्यांचंच करायला गेली, हेही इथं लिहून ठेवते. जाताना पाखरं माझ्यावर सोपवली. मग काय विचारता! मी पडदा काढला. नर-माद्या एकत्र केल्या. पाखरं अंडी घालतात त्या आठ मटक्या खाली उतरवल्या, त्यांना लाल ऑइल पेंट दिला, वर पांढरी वेलबुट्टी काढली आणि भर पावसात, ओल धरलेल्या भिंतीवर टांगल्या. दिसत मात्र होत्या छान. सासूबाईंना सुद्धा आवडल्या.

आक्का परतली तेव्हा दोन माद्या पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसल्या होत्या. अंडं पोटात अडलेलं. एकीला तिनं चुलीजवळ उबदार फडक्यात धरलं, तेलाचा थेंब लावला, तासाभरानं मोकळी केली. दुसरी हातातच गेली. मी आपली दारात उभी, आता गहजब होणार म्हणून. तिनं आवाजही चढवला नाही. मेलेली मादी माझ्या तळहातावर ठेवली, माझं बोट धरलं आणि तिच्या छातीवरून फिरवलं.

"हाड टोचतंय का बोटाला?"

"टोचतंय."

"टोचलं म्हंजी अंग भरलं नाय, मटकी चढवायची नाय. वरून कितीबी नटलेली दिसू दे." मग म्हणाली, "घाय तुला व्हती गो. तिला नव्हती."

सासूबाईंना तिनं सांगितलं की गारठ्यानं गेली. माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढं पन्नास वर्षांत कधीच नाही. गणपतीला भाऊ आला, त्याला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाली, "पुढल्या वर्साला या." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. बघा, गुन्हा माझा आणि रुसवाही माझाच.

त्यानंतर मी तिची शागीर्द झाले, तोंड वाकडं करत का होईना. मुरबाडच्या बाजारात मटक्या घ्यायला दोघी जायचो. ती प्रत्येक मटकीला नखानं टिचकी मारायची. बद्द वाजली की बाजूला. कुंभार वैतागून म्हणायचा, बाई, सोयरीक जमवतेस की मटकी घेतेस? ती म्हणायची, दोन्ही. भादव्यात भात पोटरीत आलं की तयारी सुरू. मटक्या भिजवून, घासून, कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन उन्हात. पिंजऱ्याला चुना. समुद्रफेसाचा तुकडा तारेला, कारण अंड्याचं कवच काही हवेतून येत नाही. डोळखांबकडून दुधात आलेली नाचणीची कणसं यायची, ती आधी माद्यांना. दसरा झाला की एकेक मादी हातात घेऊन छाती चाचपायची, आणि मगच मटकी. दोन विणी झाल्या की मटक्या खाली, कुणी कितीही गळ घातली तरी.

आणि गळ घालणारे कमी नव्हते. कल्याण, बदलापूरहून माणसं यायची. एक दुकानदार गाडी घेऊन आला, सगळीच्या सगळी पिल्लं उचलतो म्हणाला. ती पिल्लं अजून स्वतः दाणा सोलायला शिकली नव्हती. आक्का पायरीवर बसून ऐकत राहिली. त्याला चहा दिला, पोहे दिले, घरची चार लिंबं दिली. पिल्लू दिलं नाही. गाडी रिकामी गेली तेव्हा माझ्या छातीत जो अभिमान दाटला तो माझ्या लेकाच्या पगाराच्या दिवशीही दाटला नव्हता. चार बुकं शिकलेली मी, पण असं "नाही" म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

आक्काचं तेरावं झालं. लेक म्हणाला, आई, पाखरं कुणालातरी देऊन टाकू, तुझं वय आहे का? मी म्हणाले, माझं वय आहे की नाही ते हंगाम संपल्यावर सांग. आणि त्याच भरात, डोळे पुसत पुसत, जमलेल्या पाहुण्यांना मी शब्द देऊन बसले. आक्काच्या लाडक्या निळ्या मादीची पिल्लं, आक्काची आठवण म्हणून, दिवाळीनंतर एकेकाला. नातीला तर पहिलीच जोडी. म्हणजे बघा, सत्तरी आली तरी ती ऑइल पेंटवाली बया माझ्यातून गेलेली नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी सून आणि नात यांना मदतीला घेऊन मी मटक्या चढवायला बसले. एकेक मादी हातात घेतली, बोट फिरवलं. पाच जणी भरलेल्या, गुबगुबीत. शेवटी निळी. नाकावरची पट्टी छान तपकिरी झालेली, म्हणजे वरून बघाल तर अगदी तयार. बोट फिरवलं...

टोचलं.

परत फिरवलं. जरा हलक्या हातानं, खोटं का होईना पण न टोचो म्हणून. टोचलंच. नात म्हणाली, "आजी, निळीची मटकी दे ना, मी टांगते." मटकी तिच्या हातात होती, तार घातलेली. इतकं सोपं होतं. पडवीत आक्का नव्हती आणि यंदा कुणी माझं बोट धरणारही नव्हतं.

मी मटकी तिच्या हातातून घेतली आणि आक्काच्या खाटेच्या वरच्या खुंटीला अडकवली. दुपारभर बसून एकेका पाहुण्याला फोन केला. एकाच वाक्याचा फोन, "पुढल्या वर्षी या." भाऊ आता ऐंशीला टेकलाय. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, अगदी आक्कासारखी बोललीस. उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलेलं नाही.

बाकीच्या मटक्यांत कुजबुज सुरू झालीय. निळी गोणपाटापलीकडे एकटी कणसं सोलत बसते, निवांत. मी येताजाता खुंटीवरच्या मटकीला नखानं टिचकी मारते. अजून खणखणीत वाजते.