कुंभारणीची काच

त्या चोरीची आठवण निघाली की आजही हसू येतं. महाराजांच्या राज्यात मी कोल्हापुरात फौजदार होतो. शहरातल्या एका फोटोग्राफरने फिर्याद दिली, की दुकानातून फोटोची एक काच चोरीला गेली. तेव्हा फोटो आधी काचेवर घेत आणि मग कागदावर उतरवत. हा गृहस्थ सरदार-जहागीरदार सोडून पखालवाले, मोची, तालमीतले गडी यांचे फोटो काढत उन्हातान्हात हिंडे. लोक त्याला खुळा म्हणत. मला तो आवडायचा.

पंचनाम्याला गेलो. कॅमेरा जागेवर होता, गल्ल्याला हात लागला नव्हता. चोराने पेटीतल्या साऱ्या काचा उपसल्या होत्या. पण परत रचताना मध्ये मध्ये पेंढा घातला होता, मडकी रचताना घालतात तसा. एकीलाही चरा नव्हता. एवढा जपून वागणारा चोर मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

उरलेलं कुंभार गल्लीतल्या खबऱ्याने सांगितलं. एका तरुण कुंभाराची बायको तापाने अंथरुणाला खिळली होती, आणि त्याआधी मडकं थापताना तिचा फोटो निघाला होता.

चौकीवर आणून दरडावलं, तर गडी रडायलाच लागला.

"सायेब, फोटू काढला की आयुष्य कमी हुतंय म्हनत्यात. तिचा जीव त्या काचंत अडकलाय."

"मग फोडून टाकायची होतीस."

"आन् तिलाच काय झालं म्हंजी?"

मी जबाबाचा कागद बाजूला सारला.

मुद्देमाल ताब्यात घ्यायला फोटोग्राफरसह कुंभाराच्या घरी गेलो. काच बायकोच्या उशाशी लुगड्यात गुंडाळलेली होती. दुकानातल्या अंधुक उजेडात कुंभाराने ती मडक्याच्या आकारावरून ओळखली होती. नीट बघायची छाती झाली नव्हती. बायकोने तर जगायची आशाच सोडलेली. पेज तशीच निवून गेली होती.

"न्यायच्या आदी मला तरी दावा की," ती म्हणाली.

मी काच दाराच्या उजेडात धरली. काचेवर काळं ते पांढरं दिसतं, हे तिला कुठलं ठाऊक असायला!

"आवं, क्यास बघा की माजं! पार पांढरं झाल्यात. म्हंजी मी म्हातारी हुस्तोर जगनार हाय की!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोच फोटोग्राफरने माझा हात दाबला. तिने नवऱ्याकडे पेज मागितली आणि तो वेडा हसत-रडत चुलीकडे धावला.

पुढे ताप उतरला. औषधाने की कशाने, देव जाणे. लोकांकडून खरं वदवून घेण्यात माझी हयात गेली. आपण गप्प कधी बसावं, ते मात्र मी त्या घरात शिकलो. फोटोग्राफरने फिर्याद मागे घेतली, काचही तिथेच ठेवली. तो फोटो त्याने कागदावर कधीच उतरवला नाही. कागदावर तिचे केस काळे दिसले असते.