बैलांच्या गॅसवरचं पुरण

पोळ्याच्या सणाला आत्याकडे गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. शेगडीवर निळी ज्योत होती, धुराचा मागमूस नव्हता, आणि आत्या पुरण शिजवत होती.

तिच्या सुनेनं, सुमननं, हट्टानं परसात गोबरगॅस बसवून घेतला होता. आत्या मात्र तिकडे फिरकत नसे. "शेणाच्या गॅसवर नैवेद्य? मी नाही रांधायची," म्हणत ती चुलीपुढेच खोकत बसायची.

"मग आज कसं काय?" मी विचारलं.

"अगं, सुमन म्हणाली, शेणानं सारवूनच आपण देवाचा पाट मांडतो, मग गॅसनं काय घोडं मारलंय? आणि बैलांचा नैवेद्य बैलांच्याच गॅसवर. पटलं मला."

बिनधुराच्या इंधनाच्या वाटा देशोदेशीची शहाणी माणसं शोधताहेत. इथं ती वाट गोठ्यातून थेट शेगडीपर्यंत आली होती. शेवटचा उंबरठा तेवढा आत्याच्या मनाचा होता, आणि तो तिनं या वयात ओलांडला. मला तिचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी बैल दारात आले. जमलेल्या शेजारणींना आत्यानं ठणकावून सांगितलं, "पोळ्या आमच्या सुमनच्या गॅसवरच्या आहेत हो!" मग दरवर्षी स्वतः धरायची ते नैवेद्याचं ताट तिनं सुनेच्या हाती दिलं.

"पहिला घास तू भरव," ती म्हणाली.